सोप्या मराठीतला एक प्रश्न

कठीण मराठीची सोपी मराठी करण्यात बुलडाणा जिल्ह्यात त्या काळी माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी गर्वाने सांगत नाही. ते काम दुसरं कोणी करतच नव्हतं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, राज्यकारभार मराठीत आला होता, आणि त्यामुळे तो लोकांना कळेनासा झाला होता. मुंबईहून परिपत्रक निघायचं की 'पशुधनाचे रोगप्रतिबंधक लसीकरण करवून घेण्याची दक्षता घेण्यात यावी'. मी नागपूरच्या एका दैनिकाचा बुलडाण्याचा बातमीदार. माझ्या हाताखालून गेलं की त्याचं 'ढोरांना सुई टोचून घ्या' व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर बैलांची रांग लागायची. एकदा त्या रांगेत एक उंटही उभा होता. ढोर म्हटल्यावर त्याच्या मालकाला शंका आली नव्हती.

तेव्हा माझा मेहुणा सहदेव एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, यात नवल नव्हतं. सहदेव देऊळघाटच्या शाळेत मास्तर होता. दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याला मानसशास्त्राच्या वर्गाला जाऊन आला. आल्यापासून तो 'मले' म्हणेना, 'मला' म्हणू लागला, आणि चहा पिताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागला.

"भाऊजी," तो म्हणाला, "प्रत्येक माणूस मनात स्वतःचं एक चित्र घेऊन हिंडतो. आपण हुशार, आपण ढ, आपण कामाचे, आपण बिनकामाचे. त्या चित्राप्रमाणे तो वागतो. चित्र कळलं की माणूस कळला."

"मंग ते कसं कळते?"

"विचारायचं. आमच्या प्राध्यापकांनी प्रश्न दिला आहे."

प्रश्न असा होता: 'आपली आत्मसंकल्पना व तदनुषंगिक आत्मप्रतिष्ठेची पातळी विशद करावी.' सहदेवने तो देऊळघाटात तिघांना विचारला होता. एकाने त्याला ग्रामसेवकाकडे पाठवलं, दुसऱ्याने पाणी दिलं आणि तिसरा म्हणाला, त्याचा अर्ज त्याने मागेच भरला आहे.

मी पेन्सिल घेतली. 'विशद करावी' काढलं. 'तदनुषंगिक' काढलं, हा शब्द काढताना मला नेहमीच आनंद होतो. 'पातळी' गेली, 'प्रतिष्ठा' गेली. आत्मसंकल्पना म्हणजे काय, तर माणूस स्वतःला जे समजतो ते. मी खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'तुम्ही स्वतःला काय समजता?'

सहदेवने वाचलं. "सगळं आलं यात," तो म्हणाला.

सगळं आलं होतं. कागदावर ते वाक्य फार सुंदर दिसत होतं. ते मोठ्याने म्हणून पाहायचं मला सुचलं नाही, कारण बातम्या कोणी मोठ्याने म्हणत नाही. सहदेवने मात्र सराव म्हणून दोनदा म्हटलं. आतून माझी बायको सिंधू, म्हणजे सहदेवची मोठी बहीण, पिठाच्या हाताने बाहेर आली.

"काऊन भांडून राह्यले तुम्ही दोघं?"

"भांडत नाही, शास्त्रीय चर्चा सुरू हाय," मी सांगितलं.

"मले वाटलं, आता कोनीतरी हात उचलते," असं म्हणून ती आत गेली. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

प्रश्न कसा विचारायचा याचेही प्राध्यापकांनी नियम घालून दिले होते. प्रस्तावना करायची नाही. हसायचं नाही, कारण हसलं की माणूस खरं सांगत नाही. चेहरा कोरा ठेवून डोळ्यांत पाहायचं. उत्तर आलं नाही तर थोडं थांबून तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायचा.

पहिला प्रयोग सहदेवने त्याचे हेडमास्तर गुलाबराव यांच्यावर केला. गुलाबराव खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. सहदेव समोर जाऊन उभा राहिला, चेहरा कोरा केला आणि म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःला काय समजता?"

गुलाबरावांनी चष्मा घातला आणि नीट पाहिलं. सहदेव थांबला. मग त्याने तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला.

"मी स्वतःले हेडमास्तर समजतो," गुलाबराव म्हणाले. "तुमाले काही दुसरं वाटते का?"

"मला काय वाटतं ते गौण आहे," सहदेव म्हणाला. हेही नियमात होतं.

दुसऱ्या दिवशी सहदेवची सातवी काढून घेतली गेली आणि त्याला पहिलीचा वर्ग मिळाला. संध्याकाळी तो मला सांगायला आला तेव्हा खुशीत होता. "उत्तर आलं, भाऊजी. एकदम ठाम प्रतिमा आहे त्यांची."

मीही खूश होतो. प्रश्नाला उत्तर आलं म्हणजे प्रश्न बरोबर, हा माझ्या धंद्यातला नियम आहे. सातवीचं काय झालं हे मी विचारलं नाही.

इथवर कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं. पण त्याच दिवसांत अन्नपूर्णेचं लग्न जमत आलं होतं.

अन्नपूर्णा ही सिंधूची आणि सहदेवची धाकटी बहीण. मॅट्रिक झालेली, कामाला चांगली, आणि उंच. इतकी उंच की पाहायला आलेल्या दोन स्थळांनी बसलेली असताना पसंत केली आणि उभी राहिल्यावर 'निरोप कळवतो' म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती चार माणसांत मान आणि खांदे पाडून उभी राहायची. मग सोनाळ्याचा महादेव पाहायला आला. तो दवाखान्यात कंपाउंडर होता आणि गावात कोणाचंही तोरण बांधायचं झालं तर शिडीऐवजी त्याला बोलावत. चहाचे कप घेऊन अन्नपूर्णा उठली, तोही कप द्यायला उठला, आणि तिने मान वर केली ती तशीच ठेवली. पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "मले हे स्थळ पसंत हाये." तिने असं कधी काही बोलून दाखवलेलं कोणालाच आठवत नव्हतं. आता फक्त सोनाळ्याला जाऊन सुपारी फोडायची राहिली होती. चार माणसांसमोर सुपारी फुटली की सोयरीक पक्की.

वडील नव्हते, म्हणून सहदेव आणि मी निघालो. बोथ्याच्या घाटात एसटी वळणं घेत असताना सहदेव म्हणाला, "भाऊजी, एक विचार आहे. ज्याला स्वतःबद्दल आदर नाही, तो बायकोला आदर कसा देईल? सुपारीआधी मुलाला प्रश्न विचारून घेतो."

विचार मला पटला. आजही पटतो. "विचार," मी म्हणालो.

सोनाळ्याला मुलाचे वडील रंगराव यांनी चांगलं स्वागत केलं. ओसरीवर सतरंजी होती, गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती, आणि सुपारीचं ताट रंगरावांच्या थोरल्या बहिणीसमोर होतं. त्यांचं नाव मनकर्णाबाई. घरात शेवटचा शब्द त्यांचा, हे ताट कोणासमोर होतं यावरून कळत होतं. रंगरावांबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती. ते त्याच साली ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडले होते. बातमी मीच दिली होती.

चहा झाला. रंगराव म्हणाले, "मंग आता काही बोलाचं राह्यलं का, पाव्हने?"

"एक विचारायचं होतं," सहदेव म्हणाला. "महादेवरावांना."

"विचारा ना जी."

सहदेवने चेहरा कोरा केला. "तुम्ही स्वतःला काय समजता?"

महादेवचा कप बशीवर टेकायचा राहिला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. सहदेव नियमाप्रमाणे थांबला आणि पुन्हा म्हणाला, "तुम्ही स्वतःला काय समजता?"

"काय केलं जी पोट्ट्यानं?" रंगरावांनी विचारलं.

"केलं काही नाही. फक्त जाणून घ्यायचं आहे."

"त्याले काय विचारता? बाप बसला ना इथं. मले विचारा."

"ठीक आहे," सहदेव त्यांच्याकडे वळला. "रंगराव, तुम्ही स्वतःला काय समजता?"

प्रश्न मी पहिल्यांदाच भरल्या घरात ऐकत होतो, आणि सिंधू पिठाच्या हाताने बाहेर का आली ते मला त्या क्षणी कळलं. पण कळण्याने काही होत नाही, करावं लागतं. मी मध्ये पडलो.

"रंगराव, तसा अर्थ नाही त्याचा. त्याले इतकंच पुसाचं हाय, का तुम्ही कोन हा असं तुमाले वाटते."

"कोन हा म्हंजे?"

"म्हंजे तुमच्या मतानं तुमची योग्यता काय."

"योग्यता?" रंगरावांनी शब्द तोंडात घोळवला. तो त्यांना नीट लागला नाही असं मला दिसलं. अडलेल्या माणसाला सोपा शब्द देणं हे माझं रोजचं काम.

"लायकी," मी म्हणालो.

मराठीत माणसाला त्याचं स्वतःबद्दलचं मत विचारायची सोय नाही. कुठल्याही रस्त्याने निघा, माणूस मारामारीपाशीच पोचतो. हे पुण्याच्या वर्गात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रंगराव उठून उभे राहिले. "मी पडलो निवडणुकीत. पडलो तं पडलो. म्हून माह्या दारात बसून, माहा चा पिऊन, माही लायकी काढसान?"

"भाऊजींना तसं म्हणायचं नव्हतं," सहदेव म्हणाला. "पण ही प्रतिक्रिया फार बोलकी आहे."

मनकर्णाबाईंनी सुपारीचं ताट उचललं. "लोकं सोयरीक कराले येतेत," त्या म्हणाल्या, "हे भांडाले आले. तेबी यष्टीचं टिकीट काढून." आणि ताट घेऊन त्या आत गेल्या.

आम्ही बाहेर पडलो. परतीची गाडी दुपारी होती. गाडी थांबायची तिथे अर्जुनराव नावाच्या गृहस्थांचं चहाचं हॉटेल होतं. आम्ही तिथे बसलो. सहदेवने विचारलं, आणि 'मला' विसरून विचारलं, "भाऊजी, अन्नपूर्णा मले पुसंल तं काय सांगू?"

ती दारात उभी असेल हे दोघांनाही माहीत होतं, आणि मान खाली घालून उभी असेल हेही.

बातमी आमच्या आधी हॉटेलात पोचली होती. पलीकडच्या बाकावरचे दोघं उठून आमच्याजवळ येऊन बसले.

"तुम्हीच का जी, रंगरावले लायकी पुसनारे?"

"तसं नाही," मी म्हणालो.

"अर्जुनराव, पाव्हन्यायले चा द्या. भजे द्या. आमच्या खात्यावर." मग ते माझ्याकडे झुकले. "आमच्या मनातलं पुसलं तुम्ही. दोन सालापासून आमी पुसू पुसू म्हनत होतो."

हे निवडणुकीत रंगरावांना पाडणारे होते. ते कळलं तोवर एक भजं माझ्या तोंडात होतं. रंगरावांच्या घरापर्यंत ही दुसरी बातमी पोचायला भजं गिळण्याइतकाच वेळ लागला. रंगराव आले. ओसरीवरची चारही माणसं मागे होती, त्यांच्या मागे अर्धी गल्ली. मनकर्णाबाई आल्या आणि सगळ्यांच्या मागे महादेव. त्याचं डोकं सगळ्यांच्या वरून दिसत होतं, आणि ते खाली होतं.

"आमची लायकी काढली, अन् आता मले पाडनाऱ्यायचे भजे खाऊन राह्यले," रंगराव म्हणाले.

मी हातातलं दुसरं भजं खाली ठेवलं.

"हे पाहा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आमी तुमच्यासाठी नाही आलो. पोट्टं तोंड पाडून बसलं. म्हन्ते, आत्या, पोरीनं काय केलं? पोरीनं काही नाही केलं. म्हून आलो."

"पन मी यायले असंच सोयरे नाही म्हननार," रंगराव म्हणाले. "यायनं मले पुसलं ना? आता यायनं सांगावं. इथं, सगळ्याइसमोर. तुम्ही स्वतःले काय समजता? सांगितलं तं सुपारी फोडतो. नाही तं गाडी येऊनच राह्यली."

सहदेवचा चेहरा उजळला. पुण्यात त्याने स्वतःचं उत्तर पाठ करून ठेवलेलं होतं. त्याने ते सांगितलं. त्यात 'आत्मसंकल्पना' तीनदा आली आणि 'तदनुषंगिक'ही येऊन गेलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोणाला काही कळलं नाही, त्यामुळे कोणाला रागही आला नाही. दोन-तीन जणांनी मान डोलावली. मी ते पाहिलं आणि मूळ प्रश्न तसाच ठेवला असता तर सुपारी केव्हाच फुटली असती, हे माझ्या लक्षात आलं.

"हे मास्तर हायेत, यायचं सोडा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लायकी म्हन्ला तो हा." त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "याले पुसा."

मी उभा राहिलो. कलेक्टरपासून कोतवालापर्यंत सगळ्यांकडून मी उत्तरं काढली आहेत. स्वतः कधी उत्तर दिलेलं नव्हतं. मी घसा साफ केला.

"मी स्वतःले एक साधा मानूस समजतो."

"हे तं निवडणुकीत सगळेच म्हन्तेत," मागून कोणीतरी म्हणालं. "खरं सांगा."

"मी बातमीदार हाय. पेपरात लिहितो."

"कोनत्या?"

मी नाव सांगितलं. तो पेपर अर्जुनरावांकडे यायचा, आणि आदल्या दिवशीचा अंक भज्यांच्या परातीशेजारी होता. अर्जुनरावांनी तो झटकून माझ्यासमोर धरला.

"तुमचं नाव दाखवा."

"नाव नसते. हे पाहा, 'बुलडाणा, आमच्या वार्ताहराकडून'. तो मी."

अर्जुनरावांनी ते बोटाने वाचलं. मग बोट खाली सरकलं. "अन् हे, 'अकोला, आमच्या वार्ताहराकडून'?"

"तो दुसरा."

"अन् 'दिल्ली, आमच्या वार्ताहराकडून'?"

"तो आनखी वेगळा."

हॉटेलात कुजबुज सुरू झाली. अर्जुनरावांचा चेहरा पडला. "आमी तं समजत होतो का एकच मानूस हाय," ते म्हणाले. "रोज वाचतो मी. म्हनो, काय मानूस असंल. सकाळी बुलडान्याले, दुपारी दिल्लीले."

"मले वाटे, सरकारनं त्याले इमान देल्लं असंल," ओसरीवरचे एक वडीलधारे म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"जीप?"

"नाही."

"मंग फिरता कशावर?"

"सायकलवर."

"तुमची?"

मी सहदेवकडे पाहिलं. सायकल त्याची होती.

ही उत्तरं मी देत होतो तसा रंगरावांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत होता. पण त्यांचं अजून पुरतं समाधान झालं नव्हतं. मनकर्णाबाई मात्र माझ्याकडे बारीक डोळे करून पाहत होत्या.

"आमचा रंगराव निवडणुकीत पडला, ते पेपरात आलं होतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्हीच लिहिलं का?"

"हो."

"त्याच्यात रंगरावचं नाव होतं."

"होतं."

"पुरं?"

"वडलांच्या नावासगट."

"अन् तुमचं नव्हतं."

"नव्हतं."

"कधीच नाही आलं?"

"आजवर तं नाही."

मनकर्णाबाई भावाकडे वळल्या. "आयकलं? तुह्यं नाव पेपरात येऊन गेलं. या पाव्हन्यायचं आजून याचं हाय."

रंगरावांनी फेटा सारखा केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आता निराळ्या नजरेने, घरी आलेल्या गरीब नातलगाकडे पाहावं तसं. "जाऊ द्या आता," ते म्हणाले. "मानूस लहान असला म्हून काय झालं. चला घरी." आणि पाडणाऱ्यांच्या बाकाकडे न पाहता अर्जुनरावांना म्हणाले, "यायच्या भज्यायचे पैसे माह्याकडून घ्या."

दुपारची गाडी गेली तेव्हा सुपारी फुटलेली होती. महादेव आम्हाला पुढच्या गाडीवर पोचवायला आला. वाटेत तो हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही मले पुसलं होतं ना, त्याच्यावर मी विचार करून राह्यलो. आजून काही सापडलं नाही. लग्नानंतर सांगितलं तं चालते का?"

सहदेवने चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

माघात लग्न लागलं, सोनाळ्यालाच. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले. वर-वधू दोन्ही बाजूंनी वरून दिसत होती आणि अन्नपूर्णा ताठ उभी होती. सिंधूने तेवढं पाहिलं आणि मला बाकीचं सगळं माफ केलं, असं मी धरून चालतो.

सोनाळ्यात तोवर माझं नाव पडलं होतं. आधी लोक 'आमचे वार्ताहर' म्हणत. पण एवढं लांब नाव हाक मारायला सोयीचं नाही. लग्नापर्यंत 'वार्ताहर' गळून गेलं आणि नुसतं 'आमचे' राहिलं. "आमचे आले का?" "आमचे, इकडं बसा." मला ते बरंही वाटायचं. नागपूरच्या कचेरीत मला इतक्या आपुलकीने कोणी हाक मारली नव्हती.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मुलीकडचा माणूस म्हणून मी वाढायला उभा होतो, तो शेवटच्या पंगतीपर्यंत. रंगराव यजमान म्हणून फार काटेकोर. भांडी आत न्यायच्या आधी ते मांडवाच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आमचे जेवले का?"

मांडवात प्रत्येकाने आपापल्या माणसांकडे पाहिलं.

"हो, आमचे जेवले," देऊळघाटचे म्हणाले.

"आमचेबी जेवले," खामगावचे म्हणाले.

"आमचे कवाचेच जेवले," कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या.

रंगरावांचं समाधान झालं. त्यांनी बुंदीची परात आत पाठवली. मी नुकताच जेवायला बसायचं म्हणून हात धुऊन खांबापाशी येऊन उभा राहिलो होतो. तो ओला हात मी विजारीला पुसला.